आजोबा कधी वारले? गंगाखेडच्या वाटप दाव्यासाठी वकील पारखताना

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात 12 एकर जुनी जमीन, वडिलांनी 1991 साली खरेदी केलेली आणखी 4 एकर, परभणीत एक प्लॉट, गावठाणातलं घर आणि बँकेत मुदत ठेव. वडील 2023 च्या पावसाळ्यात वारले, वय 75. मागे आई, दोन लेकी आणि एक मुलगा. थोरली लातूरला नांदते, धाकटी पुण्यात. आई मुलाजवळ गावीच. सहा महिन्यांनी थोरलीने 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, तर दोन्ही गटांवर एकट्या भावाचं नाव. फेरफाराचं, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचं, कारण: मृत्युपत्र. परभणीच्या प्लॉटची इसार पावती व्हायच्या बेतात आहे, हे तिला गावातून कळलं.

यातली माणसं आणि आकडे अभ्यासासाठी जुळवलेले आहेत. कायदा आणि कार्यपद्धती खरी. दावा कुणी जिंकला हा इथला विषय नाही. दावा कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवण्यात बहिणींचे सात आठवडे गेले आणि त्यात दोनदा पाय घसरता घसरता राहिला, त्याची ही मांडणी आहे.

पाटी वाचून कळत नाही

वारसा-वाटपाचा वेगळा वकील अशी पाटी आपल्याकडे कुठेच दिसणार नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 खालच्या आचारनियमांनी वकिलाला जाहिरात करायला आणि पाटीवर ‘अमुक कामात तज्ज्ञ’ असं लिहायला मनाई आहे. मग माणूस विचारत जातो, आणि उत्तर येतं: ‘आपला पाव्हणा आहे’, ‘लई भांडतो कोर्टात’, ‘जजसाहेबांच्या ओळखीचा आहे’. तिसरं वाक्य ज्याच्याबद्दल ऐकू येईल त्याच्या घराची पायरीसुद्धा चढू नये. पहिल्या दोन वाक्यांतून दिवाणी काम येतं की नाही हे कळत नाही.

गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. तहसीलच्या आवारातला बाँड रायटर मृत्युपत्रं आणि हक्कसोडपत्रं लिहून देतो, म्हणून लोक त्यालाच ‘वकील साहेब’ म्हणतात. नोटरीचा शिक्का असला म्हणजे वाटपाचा दावा चालवलेला असतो असंही नाही. वकील संघाचं सभासदत्व ही स्थानिक संघटनेची गोष्ट. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ती वेगळी, आणि ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते. सनदेवर अनुक्रमांक आणि नोंदणीचं वर्ष असतं, आणि हा क्रमांक लेटरहेडवर किंवा वकीलपत्रावर असायला हवा. नसेल तर सरळ विचारावा. चांगल्या वकिलाला त्यात अपमान वाटत नाही.

पहिली चूक: कागदाआधी वकील

बहिणींनी फोन केला तो मामाने सुचवलेल्या गंगाखेडच्या वकिलाला. तासभर बसून सगळं सांगितलं: अण्णा, म्हणजे वडील, बँकेत कायम सही करायचे, शेवटच्या वर्षात हात थरथरत होता, भावाने प्लॉट विकायला काढलाय, आईला काहीच माहीत नाही. वकील साहेबांनी धीर दिला, ‘मी दोन्हीकडचा माणूस आहे, मिटवून देतो’ म्हणाले.

दहा दिवसांनी थोरलीने फेरफाराच्या फाइलची नक्कल काढली. भावाच्या अर्जाला मृत्युपत्राची प्रत जोडलेली होती. साध्या कागदावरचं, नोंदणी नसलेलं, वडिलांचा अंगठा असलेलं. खाली दोन साक्षीदार, आणि दुसरी सही याच वकिलाची. मसुदाही त्याचाच.

आता हा माणूस बहिणींचा वकील होऊच शकत नव्हता. मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षांकन करणाऱ्यांपैकी निदान एकाला कोर्टात उभं करावं लागतं, हे भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 67 मध्ये आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच कलम 68 होतं. म्हणजे तो भावाचा संभाव्य साक्षीदार. ज्या प्रकरणात आपल्यालाच साक्ष द्यावी लागेल असं दिसतं ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, आणि एका बाजूला सल्ला दिला असेल तर त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, असे दोन स्वतंत्र आचारनियम आहेत. त्याने हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं होतं. सल्ल्यासाठी ऐकलेली गोष्ट गुप्त ठेवणं त्याचं कर्तव्य आहे, पण थरथरत्या हाताची गोष्ट आता समोरच्या गोटाच्या जवळ जाऊन बसली होती.

म्हणून क्रम उलटा हवा: आधी कागद, मग वकील. कागद जमवायला वकील लागत नाही. प्रत्येक गटाचा सातबारा आणि खात्याचा 8अ. सध्याच्या नोंदीपासून मागे जाणारे सगळे फेरफार. वादातल्या फेरफाराची संपूर्ण फाइल, अर्ज आणि नोटिसांसह. नोटीस कुणाकुणाला काढली तेही त्यात दिसतं, आणि इथे बहिणींना ती कधी मिळालीच नव्हती. प्लॉटचं मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना 8, 1991 चं खरेदीखत. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहून घ्यायची, न सांगता एखादं हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र झालेलं असेल तर तिथे सापडतं. शेवटी वंशावळ: पणजोबांपासून, जन्म-मृत्यू-लग्नाच्या वर्षांसह, लेकींची नावं न गाळता. तलाठ्याकडच्या वारसांच्या कागदात ती गाळलेली असतात, आणि वकिलाच्या टेबलापर्यंतही तशीच जातात.

जुन्या कागदाचं मराठवाड्यात एक निराळंच प्रकरण असतं. 1948 च्या पोलीस ॲक्शनपर्यंत इथे निजामाचं राज्य, दप्तर उर्दूत, कुठे मोडीत, आणि साल फसली. फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954-55 चं खासरा पत्रक मागायचं आणि त्याच्या मागची पाहणीपत्रकं जितकी मिळतील तितकी. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरं बाहेर निघाली, स्कॅन झाली, उर्दू-मोडी वाचणाऱ्यांची पुन्हा विचारपूस सुरू झाली. त्याचा आयता फायदा वाटपाच्या पक्षकारांनाही झाला आहे. पूर्वी ‘रेकॉर्ड जीर्ण आहे’ म्हणून परत पाठवत, आता निदान शोधून पाहतात.

दुसरा वकील: चौथा हिस्सा

परभणीत ज्यांच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर जागा नसते असे एक वकील. बहिणी फाइल घेऊन गेल्या. त्यांनी सातबारा उलटून पाहिला, वंशावळ पाहिली नाही. म्हणाले, ‘ताई, तुमचं लग्न 1992 चं. 94 च्या कायद्यात तुम्ही बसत नाही. धाकटीचाच दावा लावू. खर्चाची काळजी नको, जमीन मिळाली की चौथा हिस्सा द्या, बाँडवर लिहून घेऊ.’

दोन वाक्यांत दोन दोष. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला सहदायिक, म्हणजे एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केलं आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं, हे खरं. पण 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला. मुलगी जन्माने सहदायिक, लग्न कधीचं हा प्रश्नच उरत नाही. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की 2005 च्या त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. याचा अर्थ या वकिलाचं ज्ञान जवळजवळ वीस वर्षं जुनं होतं, आणि त्याच्या सल्ल्याने थोरली स्वतःच्याच दाव्यातून बाहेर राहिली असती.

चौथ्या हिश्श्याचं तर उघडच आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या मिळकतीत वाटा घेणं आचारनियमांनी बंद आहे. तरी गावोगाव हे चालतं, कारण शेतकऱ्याला हाती रोख नसताना ‘आता काही देऊ नका’ हे गोड वाटतं. हिशेब मांडला की कडू लागतं. 3 एकर हिस्सा आला तर त्यातले 30 गुंठे गेले. शिवाय तुकडेबंदीच्या नियमांत 8 ऑगस्ट 2023 पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे, म्हणजे पुढच्या पिढीला वाटायला फारसं उरत नाही. आणि जो वकील स्वतः हिस्सेदार झाला तो तडजोडीचा सल्ला कुणाच्या सोयीने देणार?

बाकड्यावरच्या गर्दीचं कोडं ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सुटलं. तिथे ‘केस स्टेटस’मध्ये जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने शोधता येतं, प्रलंबित आणि निकाली वेगळे पाहता येतात. निकाली प्रकरण उघडलं की ते कशाने संपलं तेही दिसतं. बहिणींच्या भाच्याने एक रविवार घालवून या वकिलाचे निकाली दिवाणी दावे चाळले. बरेचसे अदमपैरवीत गेलेले, म्हणजे वादी किंवा त्याचा वकील तारखेला हजर नाही म्हणून काढून टाकलेले. गर्दी होती, पण दावे शेवटापर्यंत जात नव्हते.

हा शोध जपून वापरायचा. एकाच वकिलाचं नाव तीन स्पेलिंगांनी चढलेलं असतं, जुन्या प्रकरणांत सनद क्रमांक भरलेला नसतो, आणि नवख्या वकिलाचं काम सिनियरच्या नावाखाली असतं. आकड्यावरून निवाडा करू नये. पाहायच्या गोष्टी तीन: वाटपाचे दावे आहेत का, त्यांतले काही पुरावा आणि युक्तिवादापर्यंत गेले का, आणि अदमपैरवीचं प्रमाण डोळ्यात भरण्याइतकं आहे का. आरसीएस म्हणजे नियमित दिवाणी दावा, एससीएस म्हणजे विशेष दिवाणी दावा, दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. ज्याच्या यादीत दरखास्तीही आहेत त्याने पक्षकाराला निकालानंतर वाऱ्यावर सोडलेलं नाही, एवढं समजतं.

संभाजीनगरचा सल्ला

धाकटीच्या ओळखीतून छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलांची भेट झाली. त्यांनी सल्ल्याची फी घेतली आणि दहा मिनिटांत काम नाकारलं. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात लागतो. खंडपीठ 1981 पासून संभाजीनगरला असलं तरी वाटपाची सुरुवात तिथे होत नाही, दुसऱ्या अपिलाला या, असं त्यांनी सांगितलं. ‘मी घेतलं तर तारखेला माझा ज्युनियर येईल, आणि तुम्ही पैसे माझे द्याल.’ ज्याने काम नाकारलं त्याच्याच तोंडून सगळ्यात उपयोगी वाक्य मिळालं: परभणी किंवा गंगाखेडला जाल तेव्हा पाहा, तुमचा वकील मृत्युपत्राबद्दल आधी विचारतो की आजोबांबद्दल.

आजोबांबद्दल का

या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून जरा थांबून.

हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. आजोबा त्याआधी वारले असतील तर जमीन वडिलांच्या हाती वडिलोपार्जित म्हणून आली, आणि वडिलांच्या मुलांचा, 2005 नंतर मुलींचाही, तिच्यात जन्मतः हिस्सा. आजोबांची स्वतःची जमीन असून ते नंतर वारले असतील, तर कलम 8 प्रमाणे ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 1986 आणि 1987 मध्ये हे सांगितलं आहे. सातबारावर दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात. गावात दोन्हींना ‘वडिलोपार्जित’च म्हणतात. पण वडील मृत्युपत्राने देऊ शकतात ते फक्त स्वतःचं: स्वतंत्र मिळकत पूर्ण, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला आपला हिस्सा.

12 एकरांचं गणित करून पाहू. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं धरतात. वडील, आई, मुलगा, दोन मुली, असे पाच सारखे हिस्से. आईला हिस्सा मिळतो हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, गुरुपाद विरुद्ध हिराबाई, 1978 साली पक्कं झालं. मृत्युपत्र टिकलं तर वडिलांचा पाचवा हिस्सा भावाकडे जाऊन त्याचे 4 एकर 32 गुंठे होतात, बाकी तिघींना प्रत्येकी 2 एकर 16 गुंठे. मृत्युपत्र पडलं तर चौघांना 3-3 एकर. आणि जमीन वडिलांची स्वतंत्र असून मृत्युपत्र टिकलं तर बहिणींना शून्य. 1991 च्या 4 एकरांचं वेगळं: ती वडिलांची स्वकष्टार्जित ठरली आणि मृत्युपत्र टिकलं तर काही नाही, पडलं तर प्रत्येकीला 1 एकर. खरेदीचे पैसे 12 एकरांच्या उत्पन्नातून आले हे दाखवता आलं तर पुन्हा चित्र बदलतं.

शून्य की 2 एकर 16 गुंठे, हे मृत्युपत्राच्या अंगठ्यावर ठरत नव्हतं. ते आजोबांच्या मृत्यूच्या सालावर ठरत होतं. आणि घरात ते साल कुणालाच माहीत नव्हतं.

चौथी भेट

परभणीच्याच एक वकील मॅडम, चौदा वर्षांची वकिली. फाइल उघडून त्यांनी वंशावळीवर बोट ठेवलं.

‘तुमचे आजोबा कधी वारले?’

‘अण्णा लहान असताना. साल माहीत नाही.’

‘आईचं लग्न?’

‘सत्तर सालचं.’

‘आईला फोन लावा. सासू-सासऱ्यांना पाहिलं का एवढंच विचारा.’

आईने सांगितलं, नाही, दोघांनाही नाही. अण्णांना चुलत चुलत्याने वाढवलं. मॅडमनी मग खासरा पत्रकाची नक्कल पुढे ओढली. बहिणींनी ती जमवली होती, पण वाचली नव्हती. 1954-55 च्या त्या पानावर वडिलांचं नाव होतं आणि पुढे ‘अ.पा.क. चुलता’. अज्ञान पालनकर्ता. 1948 चा जन्म, म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर, आणि जमीन त्याच्या नावावर चढलेली. सोबत उर्दूतल्या वारस नोंदीची प्रत होती. मॅडमच्या मुनशीने, म्हणजे कारकुनाने, आकडा वाचला, 1363. त्यात 590 मिळवून 1953. आजोबा 1956 च्या आधीच गेलेले. मॅडमनी लगेच सावधही केलं: नुसत्या अंदाजावर चालणार नाही, उर्दू नोंदीचं प्रमाणित भाषांतर लागेल आणि गाव नमुना 14 मध्ये मृत्यूची नोंद शोधावी लागेल.

बहिणींनी आधी ठरवलेले प्रश्नही विचारले. प्रश्न असे निवडावेत की उत्तर आपल्याला तपासता येईल.

मृत्युपत्र कुणी सिद्ध करायचं? ज्याला त्याचा फायदा घ्यायचा आहे त्याने, म्हणजे भावाने. परभणीच्या गर्दीवाल्या वकिलाने याच प्रश्नाला ‘हस्ताक्षर तज्ज्ञ लावून आपण खोटं ठरवू’ असं उत्तर दिलं होतं, म्हणजे दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर. सही करणाऱ्या माणसाचा अंगठा का, लाभ घेणाऱ्याने मृत्युपत्र करवण्यात पुढाकार घेतला का, या शंका फेडायचं कामही त्याचंच.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, लागेल का? मराठवाड्यातल्या मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्राला नाही. मुंबईच्या नातेवाइकांचं ऐकून ‘प्रोबेट नाही म्हणजे मृत्युपत्र रद्द’ असं समजू नका, असं मॅडमनीच बजावलं.

फेरफाराविरुद्ध अपील? प्रांत अधिकाऱ्याकडे होतं, मुदत 60 दिवसांची, ती उलटली, विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल. पण मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल अधिकारी ठरवत नाही आणि फेरफाराने मालकी मिळत नाही, म्हणून दिवाणी दावा आधी.

कोणत्या कोर्टात? जमीन गंगाखेडला, प्लॉट परभणीला, एकाच दाव्यात दोन्ही घ्यायचं तर यांपैकी कुठेही लावता येतो. प्लॉट सोडून फक्त शेतीचा दावा लावायचा नाही, अर्धवट वाटप मागितलं की तीच हरकत पहिली येते.

प्लॉट विकला गेला तर? तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्यासोबतच, आणि दावा दाखल होताच त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. महाराष्ट्रात दावा चालू असताना झालेल्या खरेदीवर निकाल बांधायचा असेल तर ही नोंदणी लागते. हे न सांगणारा वकील मनाईवर विसंबून असतो, आणि मनाई मिळेलच असं नसतं.

आईचंही वकीलपत्र तुम्हीच घ्याल का? या प्रश्नावर मॅडम नाही म्हणाल्या. आई भावाकडे राहते, तिचं म्हणणं उद्या वेगळं असू शकतं. ती प्रतिवादी राहील, तिचा हिस्सा दाव्यात दाखवू. थोरलीला ते लागलं, ‘माय आमचीच आहे की’ म्हणाली. पण हे नाकारणंच मॅडमच्या बाजूचं सगळ्यात मोठा गुण ठरला.

किती वर्षं? आकडा दिला नाही. टप्पे सांगितले: कैफियत (प्रतिवादीचं लेखी म्हणणं), वादाचे मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा). मग शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी भूमी अभिलेखकडून, आणि घर-प्लॉटला कोर्ट कमिशनर.

पैसे आणि वकीलपत्र

नेमका इथेच प्रश्न विचारायचा राहतो: प्राथमिक हुकूमनाम्यानंतरचं काम या फीत आहे का? पुष्कळ वाटपं त्याच पायरीवर वर्षानुवर्षं पडून असतात. पक्षकाराला वाटतं जिंकलो, वकिलाला वाटतं काम झालं, आणि जमीन भाऊच कसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली खालच्या कोर्टांना सांगितलं की वाटपात प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्याची कार्यवाही पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून पुढे न्यावी. तरी पाठपुरावा वकिलालाच करावा लागतो.

मॅडमनी 65,000 रुपये सांगितले, टप्प्यांनी: दावा आणि मनाई अर्जाला 25,000, पुरावा सुरू होताना 15,000, युक्तिवादाला 10,000, अंतिम हुकूमनाम्यापर्यंत 15,000. कोर्ट फी, नकला, भाषांतर, मोजणी, कमिशनर वेगळे. शेतजमिनीचं मूल्य कोर्ट फीसाठी सातबारावरच्या आकारावरून, म्हणजे शेतसाऱ्यावरून, काढतात, त्यामुळे तिथे ‘कोर्ट फीलाच लाखभर लागतील’ असं कुणी म्हणालं तर हिशेब कागदावर मागावा. बहिणींनी ठरल्याप्रमाणे खात्यावर पैसे पाठवले, प्रत्येक वेळी काय कामाचे ते लिहून. वरखर्चाला मुनशीच्या हाती दिलेल्या रकमेचीही नोंद ठेवली.

एवढेही नसतील तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे. अर्ज तालुका समितीकडे किंवा परभणीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे. पॅनेलवरच्या वकिलालाही आजोबांचाच प्रश्न विचारायचा.

वकीलपत्र छापील असतं आणि बहुतेक जण न वाचता सही करतात. त्यात ‘तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकार’ अशी ओळ असते. बहिणींनी ती मॅडमच्या संमतीने खोडली, बाजूला सह्या केल्या. कोरं वकीलपत्र, कोरा बाँड, मुनशीच्या नावाने मुखत्यारपत्र, यांपैकी काही द्यायचं नाही. 1991 चं मूळ खरेदीखत थोरलीकडेच राहिलं. वकिलाकडे नकला गेल्या, दोन प्रतींत यादी करून, एकीवर पोच घेऊन. वकील बदलायची वेळ आली तर फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं आहे. पण ते सांगायला मुंबईच्या बार कौन्सिलपर्यंत जाण्यापेक्षा मूळ कागद घरात असलेला बरा. ग्राहक मंचाचा रस्ता मे 2024 च्या निकालाने बंद झाला आहे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडेच, कलम 35 खाली.

दाखल झाल्यावर

दावा गंगाखेडला लागला, कारण साक्षीदार तिथले. दाव्याचा सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, सीएनआर, भाच्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी तो रोजनाम्यातली नोंद पाहतो. दुसऱ्या तारखेला ‘वादी गैरहजर’ दिसलं. फोन केल्यावर कळलं, मॅडम हजर होत्या, नोंद चुकीची पडली होती. पुढच्या तारखेला ती त्यांनी दुरुस्त करून घेतली. प्लॉटला तात्पुरती मनाई मिळाली. सूचनेची नोंदणी त्याआधीच झालेली होती.

भावाच्या कैफियतीत नवाच मुद्दा आला: 1999 साली तोंडी वाटणी झाली, बहिणींना दागिने देऊन हिस्सा संपवला. मुलींच्या हक्कामुळे धक्का न लागणारी जुनी वाटणी म्हणजे 20 डिसेंबर 2004 पूर्वीची, आणि तीही नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली. तोंडी वाटणी तेव्हाच विचारात घेतात जेव्हा तिला त्या काळच्या सरकारी कागदांचा आधार असतो. मॅडमनी 1999 ते 2022 पर्यंतचे सगळे सातबारे मागवले. तेवीस वर्षं 12 ही एकर एकट्या वडिलांच्या नावावर, एकाच खात्यात, वाटणीचा एकही फेरफार नाही. ते सातबारे आता निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून रेकॉर्डवर आहेत, आणि पुढची तारीख मुद्दे काढण्याची आहे.